रॉससाठी घडवलेली जनावरं

मेलेल्या हरणाची बाहेर लोंबणारी जीभ फोटोत परत तोंडात कशी घालायची, हे मी न्यूझीलंडला येऊन शिकले. त्याआधी मिरजेला वडिलांच्या स्टुडिओत मी लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पुसले होते, नवऱ्या मुलींच्या भुवया सारख्या केल्या होत्या, वारलेल्या आजोबांना नातवाच्या मुंजीच्या फोटोत नेऊन बसवलं होतं. हरणाच्या जिभेचं काम तिथं कधी आलं नव्हतं.

अप्पर हटच्या मुख्य रस्त्यावर एका केमिस्टच्या दुकानात, मागच्या भिंतीला लागून फोटोचं काउंटर होतं. तिथं मी एकोणीस वर्षं काम केलं. औषधांच्या दुकानात फोटो कशाला, असं भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा. इथली ती जुनी रीत. लोक पुढं औषधाची चिठ्ठी देतात आणि गोळ्या तयार होईपर्यंत मागं येऊन फोटो छापून घेतात. पासपोर्टचे, नातवंडांचे आणि आमच्या गावात शिकारीचे. गावाच्या पाठीशीच रानाचे डोंगर आहेत. हरणं, रानडुकरं, पॉसम ही सगळी जनावरं इथं बाहेरून आणलेली. त्यांना खाणारं कोणी नाही आणि ती रान खाऊन टाकतात, म्हणून शिकार इथं गुन्हा नसतो, उलट रविवारचा उद्योग असतो. सोमवारी सकाळी चिखलाच्या बुटांनी माणसं माझ्यासमोर उभी राहत आणि फोन पुढं करत. फोनमध्ये पडलेलं जनावर आणि शिंगं धरून हसणारा माणूस. "आईला फ्रेम करून द्यायचाय, जरा रक्त कमी करता येईल का?"

मी जन्मात अंडंही न खाल्लेली बाई. पहिले काही महिने दुपारचा डबा उघडवत नसे. मग सवय झाली. रक्त हिरव्या गवतावरून काढणं सोपं, खडकावरून अवघड, हे कळलं. जीभ आत घालताना खालचा ओठ नुसता वर ओढून चालत नाही, जबड्याची रेघ नव्यानं काढावी लागते, हेही कळलं.

माझे मिस्टर, अरविंद, रेल्वेच्या सिग्नलचे इंजिनिअर. त्यांच्या नोकरीपायी आम्ही आलो आणि सहाव्या वर्षी ते गेले. मी काउंटरवर लागले ती त्याच वर्षी. मुलगी मुक्ता शिकून ऑकलंडला गेली, बॉटनी डाउन्सला घर घेतलं. "आई, इकडे ये ना राहायला," असं ती दर फोनला म्हणते आणि मी "बघू" म्हणते. तिच्या घरी सगळे सकाळी सातला बाहेर पडतात आणि संध्याकाळी सहाला परततात. नातू मराठी समजतो, उत्तर इंग्रजीत देतो. तिथं मी दिवसभर कोणाशी बोलणार? अप्पर हटला निदान गिऱ्हाइकं तरी होती.

रॉस त्यातलाच एक. पहिल्यांदा आला तेव्हा साठीच्या पुढचा असेल. उंच, कानात केस, हातावर जुन्या जखमांच्या पांढऱ्या रेघा. बायको वारलेली, मुलगा ऑकलंडच्या टोकाला, पापाकुराला. त्यानं नाव विचारलं, मी "शैला" सांगितलं. तो गालात हसला. इथं पूर्वी कुठल्याही बाईला 'शीला' म्हणायचे, आपण 'ती बाई' म्हणतो तसं. "म्हणजे तू शीलाच," तो म्हणाला आणि पुढं कायम तेच नाव राहिलं. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण त्याचं बोलणं आठवताना मला 'तू'च ऐकू येतं.

त्या दिवशी त्यानं दोन फोटो आणले होते. एकात डोंगरातल्या झोपडीच्या पायरीवर बसलेला पॉसम. मांजराएवढं, मोठ्या डोळ्यांचं, झाडं ओरबाडणारं जनावर. दुसऱ्यात बारा टोकांच्या शिंगांचं नर हरीण.

"याची शिंगं त्याला लावता येतील?" रॉसनं विचारलं.

"कशाला?"

"आमचा सहा जणांचा फोनवर ग्रुप आहे. सगळे शिकारी. या मोसमात मला काही मिळालेलं नाही. तर हा माझा पहिला नर, असं सांगायचंय."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला हात शिवशिवल्यासारखं झालं. कित्येक वर्षांत मी जोडकाम केलं नव्हतं. वडील त्याला 'जॉइंट' म्हणत. घरातलं माणूस गेलं की लोक जुना फोटो घेऊन येत आणि म्हणत, यांना आमच्यात उभं करा. तेव्हा निगेटिव्हवर, सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं काम चालायचं. आता संगणकावर चालतं, पण नियम तेच आहेत. पहिला प्रकाश. एका फोटोत उन्हं डावीकडून आणि दुसऱ्यात उजवीकडून असतील तर बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला कळतं. दुसरी सावली. पाय जमिनीला टेकतात तिथली काळी रेघ विसरलात तर जनावर हवेत तरंगतं. तिसरा सांधा. नवशिका मानेवर सांधा करतो, कारण तिथं कापणं सोपं. पण जनावराच्या मानेवर केसांची दिशा बदलते. सांधा थोडा वर, कानामागं करायचा, आणि केस एकेक करून दुसऱ्या अंगावर उतरवायचे.

पॉसमचं काम मी दीड दिवसात केलं. शिंगांच्या वजनानं त्याचं डोकं किंचित झुकेल, म्हणून मानेला जरासा बाक दिला. छापलेला फोटो रॉसनं हातात घेऊन उजेडाकडे धरला. मग हसू दाबत म्हणाला, "हा मला ओळखतोय असं वाटतंय." आणि तिथंच उभा राहून, फोनवर त्याचा फोटो काढून त्यानं तो ग्रुपवर पाठवला. दोन मिनिटांत फोन खणाणायला लागला. एकानं विचारलं, मांस कसं लागतं. एकानं विचारलं, अजून आहेत का तिकडे.

त्यानंतर दर काही आठवड्यांनी तो यायचा. रानडुकराच्या सुळ्यांचा ट्राउट मासा. किवी पक्ष्याच्या पायांची मेंढी. बोकडाच्या तोंडाचा पुकेको, म्हणजे तळ्याकाठी चालणारा निळा पक्षी. खालची ओळ रॉस स्वतः लिहायचा, अगदी साध्या चेहऱ्यानं: 'तिसऱ्या दरीत दिसला. मला पाहून लाजला.' ग्रुपमधले पाचही जण आता माझं नाव ओळखत होते. रॉसच सांगायचा, हे शीलाचं काम.

मलाही कोणाला तरी दाखवावंसं वाटायचं. एकदा वेलिंग्टनला आपल्या मंडळींचं घरगुती जेवण होतं, तिथं मी किवीच्या पायांच्या मेंढीचा फोटो पर्समध्ये घालून नेला. मोदक झाल्यावर बाहेर काढला. हातोहात फिरला. एक बाई म्हणाल्या, "अय्या, हे तुम्ही करता?" दुसऱ्या म्हणाल्या, "पण कशासाठी?" फोटो परत माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या कोपऱ्याला तूप लागलं होतं. मुक्ताला दाखवायचं तेव्हापासून राहूनच गेलं.

पुढं रॉसच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि डोंगर सुटला. एप्रिलमध्ये इथं नर हरणं माद्यांसाठी ओरडतात. त्याला शिकारी रोर म्हणतात आणि वर्षभर त्याची वाट बघतात. त्या एप्रिलमध्ये रॉस माझ्याकडे, पासपोर्टवाल्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसून होता. ग्रुपवर पाचही जणांचे फोटो येत होते. धुकं, झोपड्या, शिंगं.

"मला एक काहीतरी करून दे," तो म्हणाला. "काहीही."

"घाई आहे?"

"मी काही पाठवलं नाही, तर मी त्यात आहे हे त्यांना कळणार कसं?"

त्या दिवशी मी बाकीची कामं बाजूला ठेवली. रॉस मग कामाशिवायही येऊ लागला. गोळ्या घ्यायच्या निमित्तानं यायचा आणि तासभर बसायचा. मी काम करत असायची, तो बोलत असायचा. 'बॉर्डर हवी की नको' आणि 'मॅट की ग्लॉसी' सोडून त्या दिवशी माझं दुसऱ्या कोणाशी बोलणं झालेलं नसायचं. त्याचंही नसावं. आम्ही तसं एकमेकांना कधी म्हटलं नाही.

चार वर्षं असं चाललं. मग जुलैत, ऐन थंडीत, त्यानं आणखी दोन फोटो आणले. एक मोठं काळं रानडुक्कर. दुसरा मागच्या नाताळातला, त्यानं स्वतः काढलेला. मित्राच्या उघड्या गाडीच्या कठड्यावरून डोकं बाहेर काढून बघणारी तपकिरी कुत्री.

"ही जेस," रॉस म्हणाला. "विरेमूची." विरेमू हा ग्रुपमधला सगळ्यात धाकटा, माओरी, चाळिशीचा. डुकरांच्या शिकारीत कुत्रं लागतं. ते डुक्कर शोधतं आणि माणूस पोचेपर्यंत अडवून धरतं. "आपल्यापेक्षा जेसला अक्कल जास्त आहे असं विरेमू म्हणतो. तिचं डोकं या डुकराला लाव. म्हणजे मी लिहीन, आता तिला कोणाची गरज नाही."

जेसचा फोटो फार चांगला होता. सकाळचं ऊन एका बाजूनं, डोळ्यांत ओलसर चमक, नाकावरचा प्रत्येक दाणा स्पष्ट. डुकरावरही प्रकाश त्याच बाजूनं होता. असं जुळून क्वचित येतं. मी दोन दिवस घेतले. तपकिरी केस हळूहळू काळे होत राठ होत जातील असे उतरवले. काम संपल्यावर खुर्ची मागं ओढून पाहिलं. ते जनावर माझ्याकडे शांतपणे बघत होतं, जणू ते तसंच जन्माला आलं असावं. यापेक्षा चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही.

गुरुवारी रॉसनं ते पाठवलं.

सोमवारी तो आला आणि फोन माझ्यापुढं ठेवला. "बिघडलाय का बघ. गुरुवारपासून कोणीच काही बोललं नाही."

मी पाहिलं. फोन ठीक होता. सगळ्यांनी फोटो पाहिला होता. त्याच्या खाली एकच बारीक ओळ होती: विरेमू ग्रुप सोडून गेला.

रॉसला चष्म्याशिवाय ती दिसली नव्हती. मी वाचून दाखवली. त्यानं तिथूनच ग्रुपमधल्या एकाला फोन लावला. बराच वेळ तो नुसता ऐकत होता. फोन खाली ठेवून त्यानं मला सांगितलं.

फोटो पाठवायच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, अकाटारावाच्या रानात एका डुकरानं जेसचा गळा फाडला होता. विरेमूनं तिला खांद्यावर टाकून दोन तास चालत गाडीपर्यंत आणलं. डॉक्टरकडे पोचायच्या आधी ती गेली. बाकीच्यांपैकी दोघं बरोबर होते, दोघं नंतर पुरायला गेले. रॉसला कोणीच कळवलं नाही. दुसऱ्या कोणीतरी सांगितलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

आणि गुरुवारी त्यांच्या फोनवर जेसचं डोकं आलं, डुकराच्या धडावर.

"मी केलं ते," मी म्हणाले.

"तू मी सांगितलेलं केलंस," रॉस म्हणाला. त्यानं विरेमूला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग फोन खिशात टाकून, गोळ्या न घेताच तो निघून गेला. नंतर तो दुकानात आला नाही.

दोन आठवड्यांनी एक रुंद खांद्यांचा माणूस सरळ मागं माझ्याकडे आला. "किआ ओरा," त्यानं माओरीत नमस्कार केला. "शीला तुम्हीच का?"

मी हो म्हटलं.

"मी विरेमू." त्यानं फोन पुढं केला. पडद्यावर ते जनावर होतं. "हे तुम्ही केलं?"

"हो."

"ती मेलीय हे माहीत होतं?"

"नव्हतं. रॉसलाही नव्हतं."

"ते मला कळलं नंतर. त्या रात्री म्हातारा समोर असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. आता तसं नाही." तो पडद्याकडे बघत म्हणाला, "आन्टी, मी हा पुसून टाकणार होतो. दोनदा बोट ठेवलं. पण हे डोकं तिचं आहे. माझ्याकडे तिचा असा एकही फोटो नाही."

त्यानं आपल्या फोनमधले फोटो दाखवले. शंभराच्या वर असतील. प्रत्येकात पुढं डुक्कर आणि मागं कुठंतरी जेस. चिखलानं भरलेली, हललेली, अर्धी चौकटीबाहेर. कुठं नुसती पाठ, कुठं दोन पाय.

"नऊ वर्षं होती माझ्याकडे," विरेमू म्हणाला. "मी डुकरांचेच फोटो काढत बसलो."

त्याला जेस पूर्ण हवी होती. रॉसच्या फोटोत मानेखाली गाडीचा कठडा होता. मी सांगितलं, तशाच रंगाच्या दुसऱ्या कुत्र्याचं अंग शोधून लावता येईल, कोणाला कळणार नाही.

"मला कळेल," तो म्हणाला. "तिचंच पाहिजे."

मग मी त्याचे सगळे फोटो ठेवून घेतले. निघताना तो म्हणाला, "म्हाताऱ्याला काही सांगू नका. फोटो झाला की तो घेऊन मीच त्याच्याकडे जाईन. हे मी सांगायला पाहिजे."

मला ते पटलं. मी शब्द दिला.

तीन आठवडे मी जेस जुळवत होते. एका फोटोतून पुढचे पाय, एकातून पाठ, एकातून छाती. छातीवर डुकराच्या सुळ्याची जुनी, लांब खूण होती. माझा हात सवयीनं ती पुसायला गेला होता, मग आवरला. शेपटी कुठल्याच फोटोत नीट नव्हती, म्हणून तिला बसवलं, म्हणजे शेपटी अंगामागं जाईल. सगळे तुकडे वेगवेगळ्या उजेडातले. कुठं पाऊस, कुठं बॅटरीचा झोत. वडिलांनी इतकी माणसं जोडली, पण एकाच जिवाचे तुकडे गोळा करून तोच जीव परत उभा करायचं काम त्यांनाही कधी आलं नसेल.

विरेमूनं फोटो पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "कान."

"काय झालं?"

"तिचा डावा कान जरा खाली असायचा."

मूळ फोटोत तो तसाच होता. मी दोन्ही सारखे करून टाकले होते, मिरजेच्या नवऱ्या मुलींसारखे. मी तिथंच, त्याच्यासमोर, कान खाली आणला.

"हां," तो म्हणाला. "आता तीच." आणि पाठ फिरवून थोडा वेळ शाम्पूच्या बाटल्या बघत उभा राहिला.

जाताना मी आठवण केली, "रॉसकडे जाताय ना?"

"या रविवारी."

तो रविवार गेला. पुढचाही गेला. विरेमू झाडं तोडायच्या कामावर होता, लांबच्या पाळ्या लागल्या होत्या. मला रॉसचा फोन नंबर माहीत नव्हता, पण गल्ली माहीत होती. दुकानापासून वीस मिनिटांची चाल. मी दोनदा त्या बाजूनं गेलेसुद्धा. दोन्ही वेळा कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेऊन परत फिरले. शब्द दिलाय, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण थोडं वेगळंही होतं. त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं धाडस होत नव्हतं. आमची ओळख काउंटरवरची होती.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी विरेमू दुकानात आला. "घर बंद आहे. बाहेर विक्रीचा बोर्ड आहे. शेजारीण म्हणाली, न्हाणीघरात पडला. मुलगा येऊन ऑकलंडला घेऊन गेला. फोन तर कधीपासून बंदच लागतोय."

आमची फार्मासिस्ट नीलिमा नागपूरची. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "शैलाताई, त्यांची औषधं दुसरीकडे पाठवलीत, कुठे ते मला सांगता येत नाही. पण मी मुलाला फोन करून विचारू शकते, तुम्हाला पत्ता दिला तर चालेल का."

दोन दिवसांनी मुलाचा दुकानात फोन आला. रॉस पापाकुरालाच, मुलाच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात होता. मुलगा म्हणाला, "बाबा कोणाशी बोलत नाहीत. तुमचं नाव सांगितलं तर म्हणाले, शीला आली तर येऊ दे."

विरेमूला सुट्टी नव्हती. मी विमानानं मुक्ताकडे गेले. तिला सांगितलं, एका ओळखीच्यांना भेटायचंय. तिनं शनिवारी मला गाडीनं सोडलं आणि दीड तासानं घ्यायला येते म्हणाली. "ओळखीचे म्हणजे कोण, आई?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक." तिनं आरशात माझ्याकडे पाहिलं, पुढं विचारलं नाही.

रॉस खिडकीपाशी बसला होता. अंगावरचं मांस उतरलं होतं, हात तेवढे मोठे दिसत होते. मी खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. विरेमू आला होता, त्याला कळलंय, जेसचा फोटो करून दिला, तो घेऊन विरेमू त्याच्या घरी जाऊन आला, घर बंद होतं.

रॉसनं ऐकून घेतलं. "हे कधीचं? तो दुकानात आला ते?"

"तू गेलास त्यानंतर दोन आठवड्यांनी."

"आणि आता किती झाले?"

"दहा."

तो खिडकीबाहेर बघू लागला. "म्हणजे आठ आठवडे तुला माहीत होतं."

"त्यानं सांगू नका म्हटलं होतं. त्याला स्वतः यायचं होतं."

"बरोबर आहे त्याचं," रॉस म्हणाला. मग आवाज न चढवता, "पण तू येऊ शकली असतीस, शीला. काही न सांगता नुसती आली असतीस तरी चाललं असतं."

तो म्हणाला ते खरं होतं.

त्याचा फोन टेबलाच्या खणात होता. त्या सोमवारी घरी जाऊन त्यानं तो बंद केला होता, तो उघडलाच नव्हता. "कोणी काही बोलत नाही हे रोज बघवेना," तो म्हणाला. मी चार्जर शोधून लावला. फोन जागा होईपर्यंत एका मुलीनं चहा आणून दिला. तेवढ्या वेळात त्यानं विचारलं, "पण ते काम... डुकराचं. चांगलं झालं होतं ना?"

"माझं सगळ्यात चांगलं," मी म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं होतं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं कपात बघत बसलो.

मग साचलेले मेसेज येऊन फोन वाजू लागला. थांबेचना. रॉसला चष्मा सापडत नव्हता, मीच एकेक वाचून दाखवलं. विरेमू परत ग्रुपमध्ये आला होता. त्यानं बसलेल्या जेसचा फोटो टाकला होता, खाली काही न लिहिता. मग एकाचं, 'रॉस कुठे आहे?' दुसऱ्याचं, 'म्हाताऱ्याचा फोन बंद आहे.' तिसऱ्याचं, 'रागावलाय का आपल्यावर?' मग एक चित्र. बदकाच्या अंगावर गाईचं डोकं. कात्रीनं कापून डिंकानं चिकटवल्यासारखं, सावली नाही, एक कान हवेत. विरेमूनं स्वतः केलेलं. खाली लिहिलं होतं: 'शीलाला दाखवू नको.'

रॉसनं फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला. "वाईट आहे."

"फार वाईट आहे."

"मान बघ." त्याचे खांदे हलत होते. हसतोय की काय ते मला आधी कळलं नाही. त्यानं एका बोटानं सावकाश काहीतरी लिहिलं आणि पाठवलं. मिनिटभरात फोन वाजला. त्यानं कानाला लावला. "हां," तो म्हणाला. "हां, मीच. नाही रे. तू आधी माझं ऐक."

मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. दारातून त्याचा आवाज येत होता. आधी हळू, मग मोठ्यानं. जेसचं नाव दोन-तीनदा ऐकू आलं. अर्धा तास झाला. मुक्ताची वेळ झाली. मी दारात गेले आणि हात केला. रॉसनं फोन कानाशी धरूनच दुसरा हात वर केला, आणि परत बोलायला लागला.

तीच आमची शेवटची भेट. पुढच्या रोरच्या आधी तो गेला. मध्ये विरेमू दोनदा त्याला भेटून आला, हे विरेमूनंच सांगितलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात फोटोचं काउंटर बंद झालं. लोक आता फोटो छापत नाहीत. मशीन नेलं, आणि तिथं आता व्हिटॅमिनच्या बाटल्या आहेत.

त्या शनिवारी रॉसकडून बाहेर पडताना मला आनंद झाला होता, हे खरंच. पण लांबलचक व्हरांड्यातून एकटी चालत येताना हेही मनात आलं की त्याला त्याची माणसं मिळाली, आता फोटो करून द्यायला मी कशाला हवी? असं वाटल्याची लाजही वाटली.

मुक्ता गाडीत वाट बघत होती. मी बसले, पट्टा लावला.

"ऑल गुड, आई? हाउ वॉज युवर फ्रेंड?"

"बोलतोय," मी म्हणाले.

"कोणाशी?"

"त्याच्या लोकांशी."

तिनं गाडी सुरू केली. गाडी मोटरवेला लागली. मग मी पर्समधून फोन काढला, शिंगवाला पॉसम उघडला, आणि मुक्ताला दाखवायला, मोटरवे संपून लाल सिग्नल कधी लागतोय याची वाट बघत तो हातात धरून बसले.